शिकागोत शिकायचं ठरवलंत, तर आधी एवढं समजून घ्या

शिकागोत नव्याने आलेली मराठी कुटुंबं भेटली की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत शिक्षणाचा विषय निघतोच. कुणाच्या बायकोला पुढे शिकायचं असतं, कुणाची मुलगी बारावीला आलेली असते. मी २००४ साली एच-४ व्हिसावर (इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळतो तो) इथे आले, पुण्याची बीकॉमची पदवी घेऊन. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती, ते सगळं इथे लिहिते आहे.

सुरुवात नावांपासून करू, कारण पहिला गोंधळ तिथेच होतो. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो ही हाइड पार्कमधली खासगी संस्था, १८९० सालची. युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय शिकागो, म्हणजे यूआयसी, ही राज्याची, शहरातल्या रेल्वेच्या ब्लू लाइनवर, हॉलस्टेड स्टेशनाला लागून. आपल्याकडे इंजिनिअरिंगसाठी जिचं नाव घेतात ती इलिनॉयची युनिव्हर्सिटी शिकागोत नाहीच, ती दोनशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला अर्बाना-शँपेनला आहे. इथेही एक ‘आयआयटी’ आहे, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, १९४० मध्ये दोन संस्था एकत्र येऊन झालेली. घरी फोनवर सांगताना पूर्ण नाव सांगा. नॉर्थवेस्टर्नचं मुख्य आवार शहराच्या हद्दीबाहेर एव्हन्स्टनला आहे, पण कायदा आणि वैद्यकीय शिक्षण शिकागोतच चालतं. डीपॉल आणि लोयोला कॅथलिक संस्था आहेत, तरी प्रवेश सगळ्या धर्मांच्या मुलांना मिळतो. आणि ऑफिसात कुणी ‘तू कुठल्या स्कूलमध्ये होतास’ असं विचारलं तर शाळेचं नाव सांगू नका, ते युनिव्हर्सिटीबद्दल विचारत असतात.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले, ते सांगते. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. त्यामुळे इथे कुणी दोन वर्षांचं ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटलं, की आपण पदवीधर माणसं मनातल्या मनात ते खालच्या पायरीवर ठेवतो. ते चूक आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजात पदवीची पहिली दोन वर्षं शिकवतात आणि पुढची दोन वर्षं युनिव्हर्सिटीत जाऊन पूर्ण करता येतात. शिकागो शहराची अशी सात कॉलेजं आहेत, सिटी कॉलेजेस ऑफ शिकागो. त्यांची सुरुवात १९११ मधली. लूपमधलं, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागातलं, हॅरल्ड वॉशिंग्टन कॉलेज शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांच्या नावाचं आहे. मॅल्कम एक्स कॉलेजात नर्सिंग आणि आरोग्यसेवेचे अभ्यासक्रम आहेत, तर अपटाउनमधलं ट्रूमन कॉलेज रेड लाइनच्या विल्सन स्टेशनावर उतरलं की समोरच दिसतं.

मी तिथेच गेले. संध्याकाळचा इंग्रजी लेखनाचा वर्ग, जानेवारी महिना. खुर्च्यांच्या पाठीवर ओले कोट, खिडकीपलीकडे दर काही मिनिटांनी गाडीचा खडखडाट. माझ्या एका बाजूला पोलंडची आजी होती, दुसऱ्या बाजूला दिवसभर रुग्णालयात काम करून आलेला इथिओपियाचा तरुण. माझा पहिला निबंध परत आला तो पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला, आणि खाली बाईंनी लिहिलं होतं की वर्गानंतर वीस मिनिटं थांब. पुढे सगळं सत्र त्या वीस मिनिटं थांबत राहिल्या. इतकं लक्ष देऊन मला त्याआधी कुणी लिहायला शिकवलं नव्हतं.

बीकॉम तीन वर्षांचं, इथली पदवी चार वर्षांची. तेव्हा इलिनॉयमध्ये सीपीएच्या, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या परीक्षेला बसायला १५० क्रेडिट (प्रत्येक विषय पूर्ण केल्यावर जमा होणारी एककं) लागत. कमी पडणारी क्रेडिट मी बरीचशी सिटी कॉलेजातच जमवली आणि उरलेली यूआयसीत. मात्र त्याआधी चुकीच्या दारात गेले होते. एका खासगी संस्थेने माझी पदवी इथे चालतच नाही असं सांगून सर्टिफिकेट कोर्सची पूर्ण फी भरून घेतली, आणि नंतर कळलं की तिथली क्रेडिट कुठलंच मोठं कॉलेज धरत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेला हायर लर्निंग कमिशनची मान्यता आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहा. हे कमिशन शिकागोतच आहे. शिवाय इलिनॉय आर्टिक्युलेशन इनिशिएटिव्हच्या यादीत असलेले सामान्य विषय सहभागी कॉलेजांमध्ये एकमेकांकडे धरले जातात. विषय निवडताना सल्लागारापुढे ती यादी उघडायला लावा, लाजू नका.

उपनगरात राहत असाल तर शिकागोच्या रहिवाशांसाठीची सिटी कॉलेजांची सवलतीची फी तुम्हाला लागू नाही, तुमच्या पत्त्याचं कॉलेज वेगळं असतं. नेपरव्हिलच्या बहुतेक भागाला कॉलेज ऑफ डुपेज, शॉमबर्गकडे हार्पर. भाडेकरार आणि विजेचं बिल जपून ठेवा, पत्त्याचा पुरावा म्हणून तेच मागतात.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. एच-४ वर शिकायला पूर्ण मुभा आहे, पण वर्क परमिट नसेल तर कॉलेजातलं छोटं कामही चालत नाही. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना हा परमिट मिळू लागला, जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज पुरेसा पुढे सरकला असेल तर. एफ-२ वाल्यांना, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला, पूर्णवेळ पदवी करता येत नाही, अर्धवेळ शिकता येतं. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासच काम करता येतं. विषय सोडायचा असेल, पत्ता बदलायचा असेल, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा. मित्राला नंतर विचारा.

मुलं मोठी असलेल्या आईवडिलांनी एक गोष्ट आजच कॅलेंडरवर लिहावी. मुलाला २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो. तो कॉलेजच्या मधल्या वर्षात असला तरी वेगळा व्हिसा, बहुधा एफ-१, त्याआधी मिळवावा लागतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदतही या व्हिसांवर मिळत नाही, म्हणून फीचा हिशेब आधी मांडा. शहरातल्या सरकारी हायस्कूलमधून चांगल्या गुणांनी बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी सिटी कॉलेजांची स्टार शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी शेवटच्या वर्षी शाळेतच करा.

आणि कागद. आपली पदवी इथे किती धरायची हे ठरवणाऱ्या मूल्यमापनाला विद्यापीठाकडून थेट आलेली ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचे अधिकृत दाखले, लागतात. मुंबई विद्यापीठाचे असाल तर कलिन्याला फेरी आलीच, पुण्याचे असाल तर गणेशखिंडीला. जाणारं कुणी असेल तर अर्ज आजच त्यांच्या हाती द्या, आणि घरी फोन करून कपाटातल्या फाइलीत सगळ्या वर्षांच्या मूळ गुणपत्रिका आहेत ना, ते एकदा बघायला सांगा. माझी दुसऱ्या वर्षाची सापडायला चार महिने लागले, आईच्या शिवणयंत्राच्या खणात होती.