घरी ब्लाऊज शिवताना या चुका टाळा: दोष दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे

गळा झोळ मारतो. हात वर केला की ब्लाऊज कमरेवरून वर सरकतो. दोन धुण्यांनंतर अस्तर आतून ओढायला लागतं. मशीन खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता करतं. घरी ब्लाऊज शिवणाऱ्या जवळपास प्रत्येकीला यातलं काही ना काही छळतं आणि मग त्याच जागी उसवाउसवी सुरू होते. माझं सांगणं एवढंच की दोष जिथे दिसतो तिथे तो बहुधा झालेला नसतो. आधीच्या एखाद्या पायरीवर तो झालेला असतो. ती पायरी सापडल्याशिवाय उसवायला घेऊ नका. कापड विरतं आणि दोष तसाच राहतो.

कापड न भिजवता कापणं

सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतं. हातमागाचं आणि खादीचं कधी त्याहून जास्त. ३६ इंच छातीच्या मापात चार टक्के म्हणजे जवळपास दीड इंच. फिटिंगच्या कपड्यात दीड इंच गेला तर उरलं काय? वरचं कापड भिजवायचं बऱ्याच जणींच्या लक्षात असतं, अस्तर मात्र दुकानातून आणून थेट कापलं जातं. वरचं कापड सिंथेटिक असलं तर ते जागचं हलत नाही, सुती अस्तर मात्र आटतं, आणि बाहेरून ब्लाऊजवर फुगवटे आणि सुरकुत्या दिसू लागतात. मग शिवण ओढली गेली असं वाटतं आणि बाजूची टीप उसवली जाते. टिपेचा काही दोष नसतो.

अस्तर साध्या पाण्यात काही तास भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करा. वरचं सुती कापड वेगळ्या भांड्यात भिजवा, म्हणजे रंग जातो का तेही कळेल. पैठणीचं किंवा दुसरं रेशमी कापड भिजवू नका. तिथे फक्त अस्तर भिजवलं की पुरे, कारण असे ब्लाऊज पुढेही ड्रायक्लीनलाच जाणार.

कापड वाचवण्यासाठी धागा विसरणं

साडीसोबतचा ब्लाऊजपीस बहुधा ८० सेंटीमीटरचा असतो. त्यात कोपरापर्यंतच्या बाह्या बसवायच्या म्हणजे कसरत होते आणि एखादा भाग थोडा तिरका ठेवून कापायचा मोह होतो. काठाला समांतर जाणारा उभा धागा सर्वांत कमी ताणला जातो, आडवा थोडा जास्त, आणि तिरक्या रेषेत कापड रबरासारखं लांबतं. पुढच्या दोन भागांपैकी एकच जरी तिरका कापला गेला तरी काही दिवसांनी एक बाजू लोंबते. बाही तिरकी झाली तर दंडावर पिळवटते. शिवून झाल्यावर याला इलाज नाही. कापड कमीच पडत असेल तर बाही आखूड करा किंवा पाठीला जोड द्या, पण धागा सोडू नका. आणि खरेदी करताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ३६ इंच पन्ह्याचं एक मीटर आणि ४४ इंच पन्ह्याचं एक मीटर यांत एका अख्ख्या बाहीचा फरक पडू शकतो.

मुंढा: सर्वांत जास्त चुका इथे होतात

तक्रार नेहमीची असते: हात वर केला की ब्लाऊज ओढला जातो. त्यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेभोवतीची गोलाई, आणखी खोल कापणं. अनेकदा त्यानेच ओढ वाढते.

मुंढा खाली गेला की बाहीचा खालचा जोड बरगडीच्या बाजूला जातो. हात वर करताना बाही तो जोड ओढते आणि जोडाबरोबर ब्लाऊजची अख्खी बाजू वर येते. मुंढा काखेजवळ असला की हात जोडाभोवती सहज फिरतो आणि कमरेकडचं कापड जागेवर राहतं. ‘ऐसपैस मुंढा म्हणजे आराम’ ही समजूत फिटिंगच्या कपड्याला लागू पडत नाही.

म्हणून कात्री उचलण्याआधी तपासून घ्या. कच्ची शिवण घालून ब्लाऊज अंगात घाला आणि बसमध्ये दांडा धरतो तसा हात वर करा. कापड काखेत रुतत असेल आणि तिथे लाल वळ उठत असेल तर मुंढा खरोखर तंग आहे. पाव इंच कापा, पुन्हा घालून बघा. काखेत काही टोचत नाही, पण खालची कड वर चढते, असं असेल तर मुंढा आधीच खोल झालेला आहे. तिसरा प्रकार म्हणजे पुढच्या बाजूला, काख आणि छाती यांच्यामध्ये आडव्या-तिरक्या घड्या पडतात. तिथे पुढच्या मुंढ्याची खोली कमी पडलेली असते. पुढचा मुंढा पाठीच्या मुंढ्यापेक्षा थोडा आत कोरलेला असावा लागतो. दोन्ही एकाच रेषेत कापले की या घड्या हमखास येतात.

खोल झालेला मुंढा दुरुस्त करणं अवघड आहे. खांद्याची शिवण आत घेऊन तो थोडा वर उचलता येतो, पण मग गळा आणि टक्सही (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या) वर जातात हे धरून चाला. दुसरा उपाय काखेत छोटा चौकोनी तुकडा तिरपा बसवण्याचा. जुन्या धाटणीच्या कुडत्यांना असा तुकडा असतोच, आणि त्यात हात किती मोकळा फिरतो ते घालणाऱ्याला विचारा.

बाहीचीही यात भर पडते. बाहीचा वरचा घुमट उंच कापला तर हात खाली असताना ती सुरेख बसते, पण वर करताना अडवते. घुमट थोडा कमी केला तर काखेशी बारीक घड्या दिसतात, हालचाल मात्र मोकळी होते. रोज स्वयंपाकघरात, नोकरीवर, गाडीवर वापरायच्या ब्लाऊजसाठी मी दुसरा प्रकार निवडेन. आणि दोन्ही बाह्या कापडाच्या सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवून एकदमच कापा, नाहीतर दोन्ही एकाच हाताच्या निघतात.

गळा आणि खांदा

खांदा उतरतो म्हणून खांद्याची शिवण आत घेतली जाते, पण खांदा बहुतेक वेळा गळ्यामुळे उतरतो. पाठीचा गळा खोल आणि रुंदही ठेवला की खांद्याच्या पट्टीला धरून ठेवणारं मागे काही उरत नाही. पाठीचा गळा खोल हवा असेल तर गळ्याची रुंदी पाव ते अर्धा इंच कमी करा आणि पुढचा गळा बेताचा ठेवा. पुढून-मागून दोन्हीकडे खोल हवा असेल तर पाठीला नाडी लावा.

गळ्याचा झोळ याहून वेगळा. गोलाईवर कापड तिरकं येतं, म्हणून उचलता-ठेवताना, मशीनखाली सरकवतानाही ते ताणलं जातं. गळा कापल्या कापल्या कडेपासून पाव इंचाच्या आत एक साधी टीप मारून घ्या. मग ती गोलाई पसरत नाही. गळ्याची तिरकी पट्टी लावताना गोलाईवर पट्टी किंचित ताणून धरा. सैल लावली तर गळा अंगापासून सुटतो. उलटवण्याआधी मायेला, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या जादा कापडाला, कात्रीने छोट्या खाचा द्या, टिपेच्या अगदी जवळ, पण टीप न तोडता. खाचा न दिल्यामुळे जाड झालेला गळा कितीही इस्त्री केली तरी बसत नाही.

टक्सबद्दल एकच सांगते. ते छातीच्या टोकापर्यंत नेऊ नका, अर्धा ते एक इंच आधी संपवा. टोकाला उलटी टीप मारू नका. टीप निमुळती करत कापडाबाहेर काढा आणि दोऱ्यांची गाठ मारा.

माया कापून टाकणं

आतली बाजू नीटनेटकी दिसावी म्हणून बाजूची शिवण अर्ध्या इंचावर कापून इंटरलॉक केली जाते. हे करू नका. बाजूला एक ते दीड इंच माया ठेवा. शरीर बदलतं, ब्लाऊज लेकीला, सुनेला द्यायचा असतो, आणि सोडायला मायाच नसेल तर चांगलं कापड पडून राहतं.

खालचा गुंता आणि वरचा दोरा

कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की सगळ्या जणी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, काढून बघतात. पण जाळं बहुधा वरच्या दोऱ्याचं असतं. मशीनच्या टिपेत दोन्ही दोरे कापडाच्या थरांमध्ये एकमेकांत अडकतात. वरच्या दोऱ्याला ताण नसला की तो सैल होऊन खाली उतरतो. दाबपट्टी, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारी पट्टी, वर उचलून वरचा दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा. पट्टी खाली असताना ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांत बसत नाही. खालचा दोरा वर दिसत असेल तर उलट, वरचा ताण जास्त आहे. थोडा सैल करा.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. पातळ रेशमी कापडाला ११ नंबर, नेहमीच्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्याच बाजूने ओवायचा; सुई उलटी बसली की टाका पडतच नाही. सुतीला इंचात दहा ते बारा टाके पुरतात. त्याहून बारीक टीप उसवताना कापड फाडते.

तेल फक्त शिवणयंत्राचं घाला. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल काही दिवसांत चिकट होतं, त्यात धुरळा बसतो आणि मशीन जड चालायला लागतं. तेल घातल्यावर आधी जुन्या कापडावर चार-पाच लांब टिपा मारा आणि डाग येणं थांबलं की मगच ब्लाऊजचं कापड सुईखाली घ्या.