स्क्रायबसमध्ये मराठी तुटतेय? कुणाला विचारायच्या आधी एवढं करून बघा

दर वर्षी गणपतीच्या तोंडावर आणि मग दिवाळीच्या आधी मला हमखास दोन-तीन फोन येतात. कॉलनीचा अहवाल करायचाय, वाचनालयाची स्मरणिका करायचीय, कुणीतरी सांगितलं स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून टाकून घेतलं, पण मराठी तुटतेय, काय करू? मी विचारतो नेमकं काय तुटतंय, तर उत्तर येतं "सगळंच". आता "सगळंच" या आजारावर कुणाकडेच औषध नसतं हो. गडबड बहुतेक वेळा व्हर्जनमध्ये असते, नाहीतर फॉन्टमध्ये, आणि प्रमाणपत्रं वगैरे करत असाल तर स्क्रिप्टमध्ये (म्हणजे तेच ते काम आपोआप करून देणारा छोटा प्रोग्राम). कुठे आहे ते आधी शोधायचं, मग अर्धं काम कुणाला न विचारताच होतं.

आधी व्हर्जन बघा

हेल्प मेनूत जा, अबाउट स्क्रायबस उघडा, आकडा वाचा. १.४ असेल तर पुढचं काही करत बसू नका, सरळ नवीन टाका. १.४ ला देवनागरी कळतच नाही, ते एकेक अक्षर ओळीने मांडत जातं, त्यामुळे "शिवाजी" मधली पहिली वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. तुमचा फॉन्ट कितीही चांगला असला तरी हेच होणार. २०१७ च्या १.५.३ पासून मजकूर मांडायचं इंजिनच बदललं, आत हार्फबझ (अक्षरं जोडून नीट मांडणारा भाग) आलं, आणि गंमत म्हणजे ते काम मुख्यतः ओमानच्या लोकांनी अरबी नीट दिसावी म्हणून केलं, त्यात आपल्या देवनागरीचंही भलं झालं. स्थिर म्हणून १.६.० आलं १ जानेवारी २०२४ ला. लिनक्सवाल्यांनी विशेष बघा, जुन्या सिस्टिमच्या सॉफ्टवेअर सेंटरमधून कधीकधी जुनंच व्हर्जन येतं.

एक लक्षात ठेवा, १.६ मध्ये सेव्ह केलेली फाइल परत १.४ मध्ये उघडत नाही. मित्राकडे जुनं असेल तर आधी त्याचं अपडेट करा, मगच फाइल द्या, नाहीतर तो म्हणणार फाइल करप्ट आहे.

आता फॉन्ट, आणि इथे जरा बसावं लागेल

नाशकात काय, कुठेही काय, वर्षानुवर्षं डीटीपीचं काम झालं ते श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टांवर. त्या काळात दुसरा इलाजच नव्हता. पण त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांमध्ये आतली अक्षरं मराठी नसतातच, इंग्रजी असतात. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी डी असतो आणि फॉन्ट त्याच्या जागी "क" चं चित्र दाखवतो, बस. म्हणून मागच्या वर्षीचा अध्यक्षांचा मजकूर जुन्या फाइलमधून उचलून स्क्रायबसमध्ये टाकला आणि वर युनिकोड फॉन्ट (ज्यात आतली अक्षरं खरोखर मराठीच असतात) लावला की पानभर इंग्रजी चकल्या दिसतात. मजकूर खराब नाही झालेला, तो मुळातच मराठी नव्हता. यावर उपाय म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टर, पण ज्या फॉन्टात टाइप केलंय त्याच फॉन्टाचा कन्व्हर्टर हवा, आणि नंतर प्रूफ वाचायचंच. रफार आणि पहिली वेलांटी या दोन जागी कन्व्हर्टर हमखास घसरतो. मी एकदा वाचलं नव्हतं, छापून आल्यावर देणगीदारांच्या यादीत तीन आडनावं चुकलेली निघाली, ती माणसं अजून बघून हसतात.

नवीन काम असेल तर सरळ युनिकोड फॉन्ट घ्या. मजकुराला मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी चालतं, जरा पुस्तकी वळण हवं तर आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा टिरो देवनागरी मराठी. टिरोचं मला आवडतं ते हे की मराठीचा फॉन्ट वेगळा आणि हिंदीचा वेगळा आहे, ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात. शीर्षकाला बलू किंवा यात्रा वन टाका, जत्रेचा फील येतो. हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, म्हणजे प्रेसला पाठवा, मित्राला द्या, कुणी विचारणार नाही. विकतच्या फॉन्टाचं तसं नसतं, तो फाइलसोबत वाटायचा नाही.

फॉन्ट टाकला की स्क्रायबस बंद करून परत उघडा. एवढं सांगूनही निम्मे लोक करत नाहीत आणि मग "यादीत दिसतच नाही" म्हणतात. झिपमध्ये स्टॅटिक नावाचा फोल्डर असेल तर त्यातलेच फॉन्ट टाका, व्हेरिएबलवाला (सगळे जाड-बारीक प्रकार एकाच फाइलीत असलेला) टाकलात तर सगळी वजनं नीट मिळत नाहीत. आणि वर्डसारखं बी आणि आय चं बटन शोधू नका, इथे खोटा बोल्ड नाहीच, बोल्ड हवा तर त्या फॉन्टाची बोल्ड फाइल टाकलेली पाहिजे. तिरकी देवनागरी तर बहुतेक फॉन्टांत नसतेच, आणि नसलेलीच बरी.

आपल्या गावचं परीक्षा-पान

एक रिकामं पान घ्या, एकच टेक्स्ट फ्रेम (मजकुराची चौकट) काढा, आणि त्यात हे टाइप करा: त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, ब्रह्मगिरी, हृदय, कर्तृत्व, ॲडव्होकेट, दऱ्याखोऱ्या. फॉन्टाची परीक्षा घ्यायला नाशिक जिल्ह्यासारखा जिल्हा नाही, एकट्या त्र्यंबकेश्वरात त ला र, त्याला य आणि वर अनुस्वार, आणि सप्तशृंगीतला शृं भल्याभल्यांना जमत नाही. आता दिसतंय काय ते बघा.

चौकोनी डबा दिसला तर फॉन्टात ते अक्षरच नाही. ॲ ला हे फार होतं, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टात ते कुठून असणार. फॉन्ट बदला, विषय संपला. ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर टाइप करताना क्रम चुकलाय, मात्रा दोनदा पडलीय किंवा अक्षराच्या आधी पडलीय, तेवढं खोडून परत टाइप करा. इंग्रजी चकल्या दिसल्या तर वर सांगितलं तेच, जुना फॉन्ट. आणि सुटे हलंत दिसले, पाय मोडलेली अक्षरं दिसली, तर तोच शब्द लिब्रेऑफिस रायटरमध्ये त्याच फॉन्टात टाकून बघा. तिथेही तुटला तर दोष फॉन्टाचा, तिथे नीट आणि इथे तुटला तर स्क्रायबसचा किंवा तुमच्या व्हर्जनचा. ही एक चाचणी केलीत तर मदत करणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

दऱ्याखोऱ्यातला ऱ्या वेगळा तपासा. साधा र टाकून केलं की रफार येतो आणि शब्द "दर्या" होतो, समुद्र. मंडळाच्या महाप्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचा सत्कार लिहायचा आणि छापून यायचा आचार्यांचा सत्कार, असं होतं मग. कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर असतं, ते घ्यायचं, मग हलंत, मग य.

प्रेसला देताना

प्रेसवाला म्हणणार कोरलड्रॉची फाइल द्या, नाहीतर "कर्व्ह करून द्या". घाबरू नका, पीडीएफ एक्स्पोर्टच्या खिडकीत फॉन्टांच्या टॅबमध्ये आउटलाइनचा पर्याय असतो, तेच ते कर्व्ह. अक्षरांची चित्रं होतात, म्हणजे त्यांच्या मशीनवर फॉन्ट असो-नसो. पण कर्व्ह केलेल्या पीडीएफमध्ये नंतर काना-मात्रा सुधारता येत नाही, म्हणून प्रूफ आधी. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा), फोटो ३०० डीपीआय, मजकुराचा काळा म्हणजे फक्त काळा, चारही रंग मिसळलेला नको. मध्ये पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत, हे शेवटच्या रात्री आठवून उपयोग नाही. एक्स्पोर्ट करताना प्रीफ्लाइट व्हेरिफायर तक्रारी दाखवतं, फ्रेममध्ये मजकूर मावला नाही वगैरे, त्या वाचा, सवयीने इग्नोर दाबू नका.

स्क्रिप्टचं प्रकरण

आमच्या वाचनालयाच्या स्पर्धेला एकशे बारा मुलं होती. एकशे बारा प्रमाणपत्रांवर हाताने नावं टाकायची म्हणजे रात्र गेली. स्क्रायबसमध्ये पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा चालते, वर स्क्रिप्ट नावाचा मेनूच आहे, सोबत काही तयार स्क्रिप्टही येतात, त्यातला कॅलेंडर विझार्ड आधी चालवून बघा म्हणजे भीती जाते. पण एक्सेलसारखं "मी करतो ते रेकॉर्ड कर" इथे नाही, लिहावंच लागतं किंवा दुसऱ्याचं आणावं लागतं. लिहायचं नसेल तर स्क्रायबस जनरेटर नावाचं तयार स्क्रिप्ट आहे, टेम्प्लेटमध्ये नावाच्या जागी खूण ठेवायची, यादी द्यायची, ते एकेक भरत जातं.

स्वतः लिहिणार असाल तर क्रम असा. प्रमाणपत्राचं एक पान तयार करा, नावाच्या फ्रेमला प्रॉपर्टीजमध्ये स्वतः नाव द्या, त्याने दिलेलं आपोआपचं नाव ठेवू नका. नावासाठी एक पॅराग्राफ स्टाइल बनवा, कारण स्क्रिप्टने मजकूर बदलला की हाताने दिलेला फॉन्ट आणि साइझ उडू शकते, मजकूर टाकल्यावर स्क्रिप्टनेच स्टाइल परत लावायची. मग यादीतली ओळ वाचायची, फ्रेममध्ये टाकायची, पीडीएफ काढायची, पुढची ओळ. हे करताना लोक कुठे अडकतात सांगतो. यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर-फाइल) सेव्ह केली की मराठीची प्रश्नचिन्हं होतात, सेव्ह करताना यूटीएफ-८ वाला सीएसव्ही निवडा. आणि त्या फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारी खूण असते, त्यामुळे पहिला रकाना डोळ्यांना "नाव" दिसतो पण स्क्रिप्ट म्हणतं असा रकानाच नाही. फाइल वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग असं दिलं की ती खूण गळते. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय.

फॉन्टाचं नाव स्क्रिप्टमध्ये पूर्ण आणि अचूक लागतं, नुसतं मुक्ता नाही, मुक्ता बोल्ड. फॉन्टांची यादी काढायची आज्ञा आहे, ती आधी चालवून नाव तिथूनच उचला. नेटवरून आणलेलं जुनं स्क्रिप्ट पहिल्याच ओळींत मोडलं तर ते बहुतेक पायथॉन २ चं असतं, १.४ च्या काळातलं, १.६ ला पायथॉन ३ लागतं. अनोळखी माणसाचं स्क्रिप्ट चालवताना जरा जपून, ते तुमच्या फाइली पुसूही शकतं. आणि चालवायच्या आधी फाइलची कॉपी, अनडूवर विसंबू नका.

आमच्याकडे सगळं नीट झालं आणि मोजल्या तर पीडीएफ एकशे अकरा. पुन्हा चालवलं, पुन्हा एकशे अकरा. मुलाच्या नावानेच पीडीएफला नाव देत होतो आणि एकाच नावाच्या दोन मुली होत्या, दुसरीची पहिलीवर जाऊन बसली. तेव्हापासून नावाआधी अनुक्रमांक.

तरीही अडलात, तर असं विचारा

स्क्रिप्ट मोडलं की जी खिडकी येते तिच्यातला मजकूर आपोआप क्लिपबोर्डवर गेलेला असतो, फक्त पेस्ट करा. स्वतः वाचायचा असेल तर शेवटची ओळ आधी वाचा, नेमकी तक्रार तिथे असते. अख्खी चाळीस पानांची स्मरणिका पाठवू नका, जिथे तुटतंय ते एक पान, एक फ्रेम वेगळी काढा (हे करतानाच बऱ्याचदा चूक आपली आपल्याला सापडते). फाइल मेनूत कलेक्ट फॉर आउटपुट आहे, ते फाइल, फोटो आणि फॉन्ट एका फोल्डरमध्ये गोळा करतं, तो फोल्डर झिप करून द्या. स्क्रीनचा मोबाइलने तिरका काढलेला फोटो नको, स्क्रीनशॉट घ्या.

मेसेज साधारण असा लिहा: "दादा, स्क्रायबस १.६, विंडोज ११, फॉन्ट मुक्ता बोल्ड. सप्तशृंगीतला शृं तुटतोय, रायटरमध्ये त्याच फॉन्टात नीट दिसतो, बाकी शब्द बरोबर आहेत. एका पानाची फाइल आणि पीडीएफ सोबत जोडलीय. प्रेसला शुक्रवारी द्यायचंय." भाच्याला विचारा, इंजिनियरिंगच्या पोरांना विचारा, प्रेसमधल्या ऑपरेटरला विचारा, पण त्याला दुपारी चहाच्या वेळेला गाठा, गणपतीच्या आदल्या आठवड्यात नाही.