धावणाऱ्यांनो, पोहताना या चुका टाळा

१० किलोमीटर न थांबता पळणारा माणूस तलावात उतरतो आणि ५० मीटरमध्येच काठ धरून धापा टाकतो. पुष्कळांचं असं होतं. यात फिटनेस कमी पडत नाही, रस्त्यावरच्या सवयी पाण्यात नडतात. रस्त्यावर जोर लावला की वेग वाढतो. पाणी मात्र हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, आणि वेग दुप्पट करायला गेलात की त्याचा अडथळा साधारण चौपट होतो. म्हणून इथे आधी अडथळा कमी करायचा, जोर नंतर.

दम लागतो, कारण श्वास सोडलेलाच नसतो

बहुतेक नवखे तोंड पाण्यात गेलं की श्वास कोंडून धरतात. मग मान वळवल्यावर मिळणाऱ्या क्षणभरात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, अशी दोन्ही कामं उरकावी लागतात. आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घाबरा होतो. आपल्याला वाटतं हवा कमी पडली. खरं तर आधीची हवा बाहेर गेलेली नसते.

छातीएवढ्या पाण्यात काठ धरून उभे राहा. चेहरा पाण्यात घालून नाकातोंडातून संथ बुडबुडे सोडा, मान बाजूला वळवून श्वास घ्या, पुन्हा चेहरा आत. हे कंटाळवाणं आहे, पण पहिले काही दिवस एवढंच केलं तरी पुढचे महिने वाचतात. पोहताना श्वासासाठी डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर वळवायचं: गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर. दर दोन हातांमागे श्वास घ्यावा लागला तर खुशाल घ्या. तीन हातांमागे घेण्याचा हट्ट नंतर करता येईल.

एक गोष्ट मात्र अजिबात नको. छाती मजबूत करायची म्हणून जोरजोरात श्वास घेऊन पाण्याखाली लांब अंतर कापणं. अशा वेळी काही कळायच्या आत शुद्ध हरपू शकते, आणि पाण्यात ते जिवावर बेततं.

पाय बुडतात

पळणाऱ्यांचे घोटे बहुधा ताठ असतात. पाऊल मागे ताणलं जात नाही, काटकोनात आडवं राहतं आणि ब्रेकचं काम करतं. किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून नुसते पाय मारायला सांगितले तर काही जण जागच्या जागी राहतात, एखादा तर चक्क मागे सरकतो! त्यात सवयीने गुडघा पोटाकडे ओढला की अडथळा आणखी वाढतो. पाय खुब्यापासून हलवा, गुडघा किंचितच सैल, हालचाल लहान. नजर समोरच्या भिंतीवर नाही, तळाकडे. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, आणि मग कितीही पाय मारा, उपयोग होत नाही.

कठीण रननंतर लगेच पाऊल ताणून पोहलात तर पोटरीत किंवा तळपायात गोळा येतो. काठाला या, बोटं स्वतःकडे ओढून धरा, सुटल्यावर सावकाश पुढे जा. पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा तुकडा) मांड्यांमध्ये धरला की सगळं एकदम सोपं होतं, म्हणूनच त्याची चटक लागते. लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी वापरा, रोज नको.

घड्याळातल्या हार्ट रेटवर विसंबणं

तेवढीच मेहनत पोहताना केली तर ठोके पळण्यापेक्षा मिनिटाला साधारण १० ते १५ ने कमी दिसतात. शरीर आडवं असतं, पाण्याच्या दाबाने रक्त हृदयाकडे सहज परततं आणि अंग थंड राहतं. रस्त्यावरचा झोन (ठोक्यांचा ठरलेला पट्टा) पाण्यात गाठायला गेलात तर नकळत जास्त ताणता. त्यापेक्षा वेळ बघा. श्वास जमल्यावर ५० मीटरचे ८ तुकडे, मध्ये २० सेकंद विश्रांती. शेवटचे दोन पहिल्या दोनइतक्याच वेळात यायला हवेत. सुरुवातीला सुसाट जाऊन शेवटी ढेपाळत असाल, तर तो सेट फसला समजा.

चुकीचा रन वगळणं

पोहणं सोप्या किंवा रिकव्हरी रनच्या जागी ठेवा. लाँग रन आणि टेंपो रनची (जोर लावून एकसारख्या वेगाने पळण्याची) जागा ते घेऊ शकत नाही. पोहताना मुख्य काम हात-खांदे करतात, पायांना पळण्याची सवय पळूनच लागते. दुखापतीत पळण्याच्या जवळचं काही हवं असेल, तर कमरेला बेल्ट बांधून खोल पाण्यात पळा. त्यातही पुढे झुकून सायकल मारल्यासारखे पाय फिरवू नका.

आणि पोहणं सांध्यांना सोपं असलं, तरी प्रत्येक दुखापतीला चालतंच असं नाही. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण देते. पावलात स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर) असेल तर प्रत्येक वळणावर भिंतीला मारलेला रेटा थेट तिथेच बसतो, म्हणून डॉक्टरांनी पोहायला परवानगी दिली तरी भिंतीला रेटायचं का, हे वेगळं विचारा. खांदा पुढून दुखत असेल तर हात डोक्यासमोर मधली रेघ ओलांडून पडतोय का बघा. पॅडल्स (तळहाताला लावायच्या चपट्या पट्ट्या) तेवढ्यापुरती बाजूला ठेवा.

परतताना घाई

मला सगळ्यात महागडी वाटते ती ही चूक. महिनाभर नुसतं पोहून माणूस रस्त्यावर येतो. दम शाबूत असतो, म्हणून तो थेट जुन्या अंतराला भिडतो. पण हाडं आणि स्नायुबंध आपटण्याच्या भारानेच टिकतात, आणि तो भार पाण्यात मिळालेलाच नसतो. त्यामुळे परतताना दमावरून अंतर ठरवू नका. एक दिवसाआड, थोडं पळणं आणि थोडं चालणं असं सुरू करा. उरलेली मेहनत तलावात भागवा. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगीवरून बोट फिरवून बघा. एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ येत असेल तर त्या दिवशी पळू नका आणि दाखवून घ्या.