मायक्रोसॉफ्टचा शेअर घ्यायच्या आधी काय बघायचं

मायक्रोसॉफ्टचं वर्ष जूनला संपतं, त्यामुळे जुलैअखेरचा रिझल्ट म्हणजे पूर्ण वर्षाचा हिशोब. नुसता नफा बघून खूश होऊ नका, अझ्युर, म्हणजे त्यांची क्लाउड सेवा (इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे कॉम्प्युटर), किती टक्क्यांनी वाढलं ते बघा, 2014 ला सत्या नाडेला सीईओ झाल्यापासून मोठा डाव क्लाउडवरच आहे. मग कॅश फ्लोचं, म्हणजे प्रत्यक्ष पैसा किती आला-गेला त्याचं पान उघडा, माझ्या मते खरी गोष्ट तिथेच कळते, डेटा सेंटर वगैरेवरचा खर्च 2024 च्या वर्षात साधारण 44 अब्ज डॉलर होता तो 2025 मध्ये 64 च्या वर गेला आणि सगळा खर्च भागवून उरलेली कॅश मात्र 74 वरून 71 च्या आसपास आली, म्हणजे एआयसाठी पैसा आधी जातोय, परत किती येतोय ते दर तिमाहीला तपासायचंच. पीई (शेअरचा भाव एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे ते) पण जुन्या सरासरीशी ताडून बघा, आणि हो, इथून घेताना डॉलर-रुपयाचा फरकही रिटर्नमध्ये धरा.