एकाच संघातले दोन थोर वाइड रिसीव्हर तोलायचे कसे

फोर्टीनाइनर्सचे राईस की ओवेन्स, कोल्ट्सचे हॅरिसन की वेन, स्टीलर्सचे स्वॉन की स्टॉलवर्थ? एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघणाऱ्यांचे वाइड रिसीव्हरांबद्दलचे, म्हणजे धावत जाऊन पास झेलणाऱ्या खेळाडूंबद्दलचे, हे वाद वर्षानुवर्षं चालू आहेत. संघ एकच, त्यामुळे तुलना सोपी, असं आधी वाटतं आणि तिथेच फसगत होते. जर्सी तीच असली तरी पास टाकणारा वेगळा असतो, हंगामातले सामने कमीजास्त असतात, नियम बदललेले असतात आणि दोघांची वयंही जुळत नाहीत. हे फरक एकेक करून काढून टाकल्यावर उरतं ते खेळाडूचं स्वतःचं.

आधी प्रश्न पक्का करा. "थोर कोण" या एका प्रश्नात तीन प्रश्न लपलेले असतात: सर्वोत्तम एक हंगाम कोणाचा, संघाच्या पदरात एकूण जास्त कोणी घातलं, आणि ऐन भरात असताना अधिक धोकादायक कोण होता. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. प्रश्न न ठरवता आकडे काढायला बसलात, तर आपल्या आवडत्या खेळाडूला सोयीचा आकडा आपोआप हाती लागतो.

मग तक्ता मांडा. प्रत्येक हंगामाला एक ओळ आणि रकाने असे: वर्ष, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरचं वय, संघाचे सामने, खेळाडूने खेळलेले सामने, टार्गेट, झेल, यार्ड (झेलांवर पुढे नेलेलं अंतर), टचडाऊन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं), आणि पास टाकणारा क्वार्टरबॅक. संघाचे सामने आणि खेळलेले सामने एकाच रकान्यात कोंबू नका, दोन्ही लागतात. तक्त्यात फक्त त्या संघाकडचे हंगाम घ्या. जेरी राईसचे कारकिर्दीतले यार्ड २२,८९५ आहेत, पण त्यातले फोर्टीनाइनर्सकडचे १९,२४७. बाकीचे रेडर्स आणि सीहॉक्सकडचे. आयझॅक ब्रूसच्या १५,२०८ पैकी रॅम्सचे १४,१०९. घाईत एकूण बेरीज उचलली की तुलना पहिल्याच पायरीवर बिघडते. नावंही तपासून घ्या. मार्विन हॅरिसनच्या यादीत २०२४ सालचे आकडे दिसले, तर ते त्याच्या मुलाचे, ॲरिझोनाकडून खेळणाऱ्या मार्विन हॅरिसन ज्युनिअरचे आहेत.

टार्गेट म्हणजे त्याच्या दिशेने टाकलेले पास. हा रकाना १९९२ पासूनच्या हंगामांसाठी सहज भरता येतो. त्याआधीच्या खेळाडूंसाठी तो रिकामा ठेवा. अंदाजाने भरू नका.

सामन्यांनी भागा

एनएफएलचा हंगाम १९५० च्या दशकात १२ सामन्यांचा होता. पुढे तो १४ चा, १९७८ पासून १६ चा आणि २०२१ पासून १७ चा झाला. रॅम्सचे चार गाजलेले हंगाम घ्या:

| खेळाडू | हंगाम | सामने | झेल | यार्ड | दर सामन्याला यार्ड |
|---|---|---|---|---|---|
| कूपर कप | २०२१ | १७ | १४५ | १,९४७ | ११४.५ |
| आयझॅक ब्रूस | १९९५ | १६ | ११९ | १,७८१ | १११.३ |
| टोरी होल्ट | २००३ | १६ | ११७ | १,६९६ | १०६.० |
| एलरॉय हर्श | १९५१ | १२ | ६६ | १,४९५ | १२४.६ |

एकूण यार्डांत शेवटचा असलेला हर्श दर सामन्याच्या हिशेबात पहिला येतो. झेलांचं गणित मात्र उलटं आहे: कपचे दर सामन्याला साडेआठ, हर्शचे साडेपाच. हर्शचा एक झेल सरासरी २२.७ यार्डांचा, कपचा १३.४ चा. म्हणजे दोघं एकच काम करत नव्हते. हर्श लांब पासवर बचावफळीच्या मागे निसटायचा. कपचा बराच खेळ स्लॉटमधला, म्हणजे आतल्या बाजूने धावून छोटे-मध्यम पास घेण्याचा. अशी जोडी समोर आली की "कोण चांगला" ठरवण्याआधी "काम कोणतं" हे लिहून ठेवा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे हर्शच्या सरासरीला १७ ने गुणून "आजच्या काळात त्याने २,१०० यार्ड काढले असते" म्हणणं. भागाकार फक्त सामन्यांच्या संख्येतला फरक काढतो. १९५१ ची बचावफळी तो २०२१ ची करून देत नाही.

दुखापतीने हुकलेले सामने आणि बाहेरच्या कारणाने हुकलेले सामने वेगळे धरा. १९८७ च्या खेळाडूंच्या संपामुळे राईस १२ सामनेच खेळला आणि तेवढ्यात त्याने २२ टचडाऊन पास झेलले. उरलेल्या सामन्यांचा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही. गुडघा दुखावून बाहेर बसलेल्या खेळाडूचं तसं नाही. संघाला तो मिळाला नाही, हे एकूण कामगिरीच्या प्रश्नात मोजावंच लागतं.

पास कोण टाकत होता

सगळ्यात जास्त वेळ या रकान्यावर घालवा. कोल्ट्सचे मार्विन हॅरिसन आणि रेजी वेन या कामाला उत्तम, कारण दोघांनाही बहुतेक काळ पेटन मॅनिंगनेच पास टाकले. हॅरिसन: १९० सामने, १,१०२ झेल, १४,५८० यार्ड, १२८ टचडाऊन. वेन: २११ सामने, १,०७० झेल, १४,३४५ यार्ड, ८२ टचडाऊन. एकूण यार्डांत फरक नावालाच. भागाकार केला की हॅरिसन ७६.७, वेन ६८.०. दर झेलामागे मात्र हॅरिसन १३.२ आणि वेन १३.४, म्हणजे चेंडू हातात आल्यावर दोघं सारखेच. हॅरिसनकडे तो जास्त वेळा आला. प्रत्येकाचे सर्वोत्तम पाच हंगाम काढले तर हॅरिसनची सरासरी १,५३८ यार्ड, वेनची १,३५९. ऐन भरातल्या खेळाचा प्रश्न इथे जवळजवळ मिटतो.

आता मॅनिंग नसलेले हंगाम वेगळे काढा. हॅरिसनचे पहिले दोन, १९९६ आणि १९९७: ८३६ आणि ८६६ यार्ड, म्हणजे दर सामन्याला ५३. वेनचं २०११ साल: मॅनिंग मानेच्या दुखण्याने पूर्ण हंगाम बाहेर, तीन वेगवेगळे क्वार्टरबॅक, संघ १६ पैकी १४ सामने हरलेला, आणि वेनचे ९६० यार्ड, म्हणजे दर सामन्याला ६०. हॅरिसन तेव्हा २४-२५ वर्षांचा नवखा होता आणि वेन ३३ चा मुरलेला, त्यामुळे यावरून थेट निकाल देऊ नका. पण वेनच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट हीच आहे. २०१० साली मॅनिंगसोबत १,३५५ यार्ड आणि २०१२ साली नवख्या अँड्र्यू लकसोबतही बरोबर १,३५५.

त्यानंतर वाटा काढा: संघाच्या पासच्या एकूण यार्डांपैकी किती त्याचे. २००२ साली मॅनिंगचे ४,२०० यार्ड होते आणि हॅरिसनचे १४३ झेलांत १,७२२, म्हणजे सुमारे ४१ टक्के. २००७ मध्ये हॅरिसन पाचच सामने खेळू शकला, तेव्हा वेनने १,५१० यार्ड काढले. मॅनिंगच्या ४,०४० च्या सुमारे ३७ टक्के. इथे एक बारीक खाच आहे. एनएफएलच्या सांघिक आकड्यांत सॅकमध्ये (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं जातं तेव्हा) गमावलेले यार्ड पासच्या यार्डांतून वजा केलेले असतात. तो आकडा घेतला की वाटा फुगतो. सॅक वजा न केलेला आकडा घ्या. खेळाडू काही सामन्यांना नसेल, तर भागही फक्त त्याने खेळलेल्या सामन्यांतल्या यार्डांनीच द्या.

सोबत खेळले तेव्हाची वयं

दोघं एकत्र खेळलेले हंगाम शेजारी ठेवण्याचा मोह होतो. २००० साली फोर्टीनाइनर्सकडे ओवेन्सचे १,४५१ यार्ड आणि राईसचे ८०५. पण ओवेन्स २७ चा होता आणि राईस ३८ चा. म्हणून वयाशी वय जुळवा. राईसचं २७ वं वर्ष म्हणजे १९८९: १६ सामने, १,४८३ यार्ड, १७ टचडाऊन. ओवेन्सचं २०००: १४ सामने, १,४५१ यार्ड, १३ टचडाऊन. दर सामन्याला राईस ९२.७, ओवेन्स १०३.६. राईसच्या चाहत्यांना हे पचत नाही, पण हिशेब बरोबर आहे.

बरोबर असला तरी अपुरा आहे. ओवेन्सच्या त्या आकड्यात १७ डिसेंबर २००० चा बेअर्सविरुद्धचा एक सामना आहे: २० झेल, २८३ यार्ड. (फोर्टीनाइनर्सचा खेळाडू म्हणून राईसचा घरच्या मैदानावरचा तो शेवटचा सामना. निरोप त्याचा, विक्रम ओवेन्सचा.) तो वगळला तर उरलेल्या १३ सामन्यांची सरासरी ८९.८ वर येते. म्हणून सरासरीसोबत मध्यकही काढा: हंगामातले सामने यार्डांप्रमाणे लावायचे आणि मधला आकडा घ्यायचा. आणि एक सामना वगळायचाच असेल, तर दोघांचाही सर्वात मोठा वगळा. कात्री एकालाच लावायची नाही.

शिवाय १९८९ चा संघ १४ सामने जिंकून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकणारा, पलीकडच्या बाजूला जॉन टेलरसारखा हजार यार्ड काढणारा जोडीदार. २००० चा संघ १० सामने हरलेला. पिछाडीवरचा संघ जास्त पास टाकतो आणि रिसीव्हरचे यार्ड वाढतात. आघाडीवरचा संघ चेंडू घेऊन धावतो आणि घड्याळ संपवतो. गंमत म्हणजे पूर्ण हंगामाच्या यार्डांतला वाटा काढला तर दोघांचाही जवळपास एक तृतीयांशच भरतो.

टचडाऊन आणि काळ

टचडाऊनला सगळ्यात कमी वजन द्या, निदान एका हंगामापुरतं तरी. लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनने २०११ साली १,६८१ यार्ड आणि १६ टचडाऊन काढले. २०१२ मध्ये १,९६४ यार्ड, पण टचडाऊन फक्त ५. एवढ्यात तो बिघडला नव्हता. कारकीर्दभराचा आकडा असेल तर गोष्ट वेगळी. हॅरिसनचे १२८ आणि वेनचे ८२ हा फरक योगायोगाने पडत नाही.

काळाचा हिशेब जुळवताना १९७८ ची रेघ ओढा. त्या वर्षापासून स्क्रिमेज रेषेच्या (डाव सुरू होतो त्या रेषेच्या) पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के देण्यावर बंदी आली आणि पासचा खेळ मोकळा झाला. स्टीलर्सचे लिन स्वॉन आणि जॉन स्टॉलवर्थ दोघंही १९७४ च्या ड्राफ्टमधले (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्या), स्वॉन पहिल्या फेरीतला, स्टॉलवर्थ चौथ्या. स्वॉन १९८२ ला थांबला: ३३६ झेल, ५,४६२ यार्ड. स्टॉलवर्थ १९८७ पर्यंत खेळला: ५३७ झेल, ८,७२३ यार्ड. म्हणजे स्टॉलवर्थला मोकळ्या नियमांची वर्षं जास्त मिळाली. दर झेलामागे मात्र दोघांचेही १६ यार्डांहून थोडे जास्तच, फरक दशांशात. इथे निवाडा हंगामांच्या संख्येवर जातो, आणि १९८४ साली, स्वॉन निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, बत्तिशीतल्या स्टॉलवर्थने काढलेले १,३९५ यार्ड त्याचं पारडं जड करतात.

प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचे, आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवा, मुख्य आकड्यांत मिसळू नका. वेन २१ सामन्यांत १,२५४ यार्ड, ९ टचडाऊन. हॅरिसन १६ सामन्यांत ८८३ यार्ड, २ टचडाऊन. दर सामन्याला ६० आणि ५५. नेहमीच्या हंगामातली आघाडी इथे उलटते, ते नोंदवा. पण १६ सामने म्हणजे जेमतेम एक हंगाम, हेही शेजारीच लिहा.

शेवटचा रकाना आकड्यांचा नाही. हाइन्स वॉर्डने स्टीलर्ससाठी १४ हंगामांत १२,०८३ यार्ड काढले. अँटोनियो ब्राऊनने ९ हंगामांत ११,२०७. यार्डांच्या वेगात तुलनाच होत नाही. पण वॉर्डचं ब्लॉकिंग, म्हणजे सोबती चेंडू नेताना बचावपटूंना अडवणं, असं होतं, की २००८ मध्ये त्याच्या एका ब्लॉकने बेंगल्सच्या लाइनबॅकरचा जबडा मोडला आणि पुढच्याच वर्षी लीगने तसल्या ब्लॉकवर बंदी घातली. हे तक्त्यात कुठेच दिसत नाही. त्यासाठी सामन्याचं चित्रण लावा आणि संघ चेंडू घेऊन धावतो ते वीस-तीस डाव निवडा. चेंडूकडे न बघता फक्त रिसीव्हरकडे बघा: समोरच्या कॉर्नरबॅकला (रिसीव्हरवर पाळत ठेवणाऱ्या बचावपटूला) तो शिट्टी होईपर्यंत अडवून धरतो, की दोन पावलं धावून उभा राहतो. दोघांसाठी सारखेच डाव मोजा आणि तो आकडा तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात भरा.