जीपीयू उगाच १०० टक्क्यांवर जातोय? आधी कोण खातंय ते बघा

गेम चालू असताना जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) ९५-९९ टक्के दिसत असेल तर काही बिघडलेलं नाहीये, कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय म्हणून तर फ्रेम्स (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) मिळतायत. काळजी करायची ती नुसता डेस्कटॉप उघडा असताना किंवा साधी एक्सेल फाईल चालू असताना पंखा घोंघावायला लागला तर. आणि तेव्हाही लगेच विंडोज फॉरमॅट मारायला जाऊ नका प्लीज, आधी कोण खातंय ते शोधा.

कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. प्रोसेसेसमध्ये जीपीयूचा कॉलम नसेल तर हेडिंगवर राइट क्लिक करून जीपीयू आणि जीपीयू इंजिन दोन्हीवर टिक करा, मग जीपीयूवर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. इंजिन म्हणजे जीपीयूचा वेगवेगळी कामं करणारा एकेक भाग, त्या कॉलममध्ये थ्रीडी, व्हिडिओ डिकोड असं काहीतरी दिसेल. वरचा मोठा आकडा म्हणजे सगळ्यांची बेरीज नाही, जे इंजिन सगळ्यात बिझी आहे त्याचा तो आकडा असतो. शिवाय निवांत असताना कार्ड स्वतःचा क्लॉक, म्हणजे वेग, खाली आणतं, त्यामुळे तेव्हा दिसणारे २०-३० टक्के म्हणजे खरं काम फार थोडं असू शकतं, घाबरू नका.

ब्राउझर वर आला तर क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट+एस्केप दाबा, त्यांचा स्वतःचा टास्क मॅनेजर आहे, कुठला टॅब त्रास देतोय ते तिथे कळतं आणि बहुतेक वेळा तो एक टॅब बंद केला की काम झालं. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (ब्राउझरने व्हिडिओ-चित्रांचं काम जीपीयूकडे देणं) बंद करा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण मला तो पटत नाही, कारण तेच ओझं मग सीपीयूवर पडतं आणि जुन्या लॅपटॉपवर यूट्यूब अडकायला लागतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीममध्ये जाऊन टेस्ट म्हणून बंद करून बघा, फरक नाही पडला तर परत चालू करा.

डेस्कटॉप विंडो मॅनेजर वर दिसला तर एंड टास्क करू नका, स्क्रीनवरच्या सगळ्या विंडो तोच काढतो. हलणारा वॉलपेपर असेल तर तो आधी काढा. मग विंडोज+कंट्रोल+शिफ्ट+बी दाबा, स्क्रीन क्षणभर काळी होईल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) रीस्टार्ट होईल, उघडं काम तसंच राहतं.

त्यानेही जमलं नाही तर ड्रायव्हर. एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरूनच घ्या, ड्रायव्हर अपडेटर नावाची फुकट सॉफ्टवेअर अजिबात नकोत. त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर आणि तिथे रोल बॅक, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येईल.

गेमवाल्यांनी एफपीएसला (दर सेकंदाच्या फ्रेम्सना) कॅप, म्हणजे मर्यादा, लावाच. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर कार्डाने २०० फ्रेम काढून नुसती वीज जाते, आणि मेन्यूमध्ये तर हे हमखास होतं. जुलै २०२१ मध्ये अमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमच्या बीटामध्ये (चाचणी आवृत्तीत) काहींची आरटीएक्स ३०९० कार्डं बंद पडली, त्यानंतर अमेझॉनने मेन्यूतल्या फ्रेम्सना कॅप लावली. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट आहे, नाहीतर गेममधला व्हीसिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालेल. सेटिंग्ज, गेमिंग, कॅप्चर्समध्ये मागून रेकॉर्डिंग चालू असेल तर तेही बंद करा. आणि हो, धूळ साफ करा जरूर, पण त्याने टेंपरेचर उतरतं, टक्के नाही.

आता सगळ्यात गंभीर. पीसी रिकामा असताना पंखे जोरात आणि टास्क मॅनेजर उघडला की लगेच सगळं शांत, असं वारंवार होत असेल तर मायनरचा (तुमच्या कार्डावर गुपचूप क्रिप्टोकरन्सी काढणाऱ्या प्रोग्रॅमचा) संशय घ्या, कारण काही मायनर टास्क मॅनेजर उघडला की मुद्दाम थांबतात. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं तरी दुसरी कॉइन्स जीपीयूवर काढली जातातच, आणि हे बरेचदा क्रॅक केलेल्या गेम किंवा सॉफ्टवेअरसोबत येतं. जीपीयूवरचा भार दाखवणारा जीपीयू-झेडसारखा टूल मागे चालू ठेवून ग्राफ बघा. मग विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथे ऑफलाइन स्कॅन निवडा, त्याआधी कामं सेव्ह करा कारण पीसी रीस्टार्ट होतो. काही सापडलं तर तो क्रॅक काढून टाका आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ डिव्हाइसवरून बदला, त्याच पीसीवरून नको.