नथीचा फोटो काढण्यासाठी कॅमेरा घेताना

नथी, ठुशी, झुमके घरून विकणारे लोक छायाचित्रणाचे साहित्य घेण्याचे ठरवतात तेव्हा पहिला प्रश्न ‘कॅमेरा कोणता?’ असाच असतो. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटी यावा. वेगवान ऑटोफोकस, सेकंदाला दहा फ्रेम, अंधारात चालणारा सेन्सर यांसाठी नव्या कॅमेऱ्याचे पैसे मोजले जातात आणि मखमलीवर स्वस्थ पडलेल्या नथीला यांपैकी कशाचीच गरज नसते. ॲमेझॉनवर चित्र मोठे करून पाहता यावे यासाठी 1000 पिक्सेलची बाजू पुरते, तर 2018 साली आलेला कॅनन 1500डी हा साधा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) 6000 बाय 4000 पिक्सेलचे चित्र देतो. त्या पिढीचा वापरलेला कॅमेरा घ्यावा आणि बजेटचा निम्म्याहून अधिक भाग त्यावर खर्च करू नये. घेण्यापूर्वी लेन्समधून टॉर्चचा प्रकाश आरपार पाडून बुरशीचे जाळे दिसते का, ते पाहावे. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्सच्या बाबतीत तर ही तपासणी टाळूच नये.

लेन्सच्या बाबतीत मात्र थांबून विचार करावा लागतो. ‘किट लेन्स टाकून द्या, 50 मि.मी. एफ/1.8 घ्या’ हा सल्ला (एफचा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधील प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचा; आकडा लहान तितके छिद्र मोठे) जवळपास प्रत्येक जण देतो. माणसांच्या छायाचित्रांसाठी तो योग्य आहे, दागिन्यांसाठी नाही. कॅननची ती लेन्स 35 सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही, त्यामुळे 1500डीवर तिची सर्वांत लहान चौकट सुमारे 106 मि.मी. रुंद राहते, कॅमेऱ्यासोबत मिळणारी 18-55 किट लेन्स 25 सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि चौकट सुमारे 66 मि.मी.वर येते. म्हणजे तीन सेंटिमीटरच्या नथीला पहिल्या लेन्सने साधारण 1700 पिक्सेल मिळतात, तर फुकट हाती आलेल्या दुसऱ्या लेन्सने 2700. शिवाय एफ/1.8ला नथीचा पुढचा मोती स्पष्ट आणि मागची तार धूसर येते. येथे एफ/8 ते एफ/11 लागते, त्यामुळे मोठ्या ॲपर्चरचे पैसे वाया जातात. चमकीसारखी अगदी बारीक वस्तू असेल तरच एक्सटेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी, अधिक जवळून फोकस करू देणारी पोकळ नळी) घ्यावी आणि ती विद्युत संपर्कबिंदू असलेलीच असावी, कारण त्यांच्याशिवाय कॅननच्या लेन्सचे ॲपर्चर कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

एफ/11 आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) 100 ठेवल्यावर खिडकीजवळही शटर पाव सेकंदापर्यंत उघडे राहू शकते, म्हणून ट्रायपॉडवर काटकसर करू नये. त्याचे खालचे बारीक पाय पूर्ण न उघडता तो टेबलावर ठेवावा, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र मोठे करून फोकस हाताने जुळवावा.

प्रकाशासाठी खिडकीवर बटर पेपर आणि समोरच्या बाजूला पांढरे थर्माकोल एवढ्याने दिवसा काम भागते. चकाकत्या सोन्याच्या कडा पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळतात, तेव्हा चौकटीच्या जरा बाहेर काळ्या कार्डशीटच्या पट्ट्या उभ्या कराव्यात. त्यांचे प्रतिबिंब धातूवर पडून कडा उठून येते. रात्री काम करायचे असल्यास 90 किंवा अधिक सीआरआयचे (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक), एकाच बनावटीचे दोन एलईडी दिवे घ्यावेत आणि खोलीतली ट्यूब बंद ठेवावी, नाहीतर मोत्याच्या एका बाजूला पिवळी आणि दुसऱ्या बाजूला निळसर झाक येते. रिंग लाइट मात्र दागिन्यांसाठी घेऊ नये. त्याचे कडे प्रत्येक मोत्यात उमटते आणि सात मोत्यांच्या नथीतून सात कडी पुसत बसण्यात संध्याकाळ जाते.

हातात बरा फोन असेल तर आधी ट्रायपॉड, फोनचा धारक आणि दिवे एवढेच घ्यावे, आणि वाइड कॅमेऱ्याने नथ जवळून वाकडी दिसते म्हणून थोडे मागे सरकून 2एक्स झूमवर छायाचित्र काढावे. कॅमेरा पुढे घेतला तरी यातील ट्रायपॉड आणि दिवे तसेच कामी येतात.